नाशिकमध्ये घरावर सोलर नि बॅटरी: अर्ज करायच्या आधी लाईट बिलावरचं नाव वाचा

सोलरचं विचारायला येणारा प्रत्येक जण आधी सबसिडी किती तेच विचारतो, पण मी म्हणेन पहिल्यांदा लाईट बिल काढा आणि त्यावरचं नाव वाचा. आमचं घर सिडकोतलं, बिल अजून सासऱ्यांच्या नावावर, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि सबसिडी कनेक्शन ज्याच्या नावावर त्यालाच मिळते, म्हणजे आम्ही पहिल्याच पायरीवर अडकलो. मग महावितरणकडे नाव बदलायचा अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, घरपट्टीची पावती, हे सगळं होऊन बिल सासूबाईंच्या नावावर आलं तेव्हा कुठे सोलरचं पोर्टल उघडलं.

योजना म्हणजे पीएम सूर्यघर, 2024 पासून सुरू आहे. सबसिडी 1 किलोवॅटला 30 हजार रुपये, 2 ला 60 हजार, 3 किंवा त्यापुढे कितीही लावा 78 हजारच. घरगुती कनेक्शन पाहिजे, छत तुमचं पाहिजे, आधी सोलर पॅनलची सबसिडी घेतलेली नसावी आणि पॅनल भारतात बनवलेल्या सेलचेच, ज्याला डीसीआर म्हणतात. एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. दुपारी तीन-चारला एकदा गच्चीवर जाऊन बघाच, आमच्याकडे पाण्याच्या टाकीची सावली बरोबर दोन पॅनलवर पडत होती, म्हणून टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात सरकवली. अपार्टमेंटमध्ये गच्ची सगळ्यांची असते, तिथं सोसायटीचं ना हरकत पत्र घ्या.

आता बॅटरी. सबसिडी पॅनलच्या किलोवॅटवर मिळते, बॅटरीचा खर्च पूर्ण आपला. आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं की साधं ऑनग्रिड सोलर (बॅटरी नसलेलं, थेट महावितरणच्या लाईनला जोडलेलं) असेल तर लाईट गेली की तेही बंद पडतं, भर उन्हात सुद्धा, कारण बाहेर लाईनवर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या छतावरून करंट जायला नको. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की आपल्याकडे लाईट जातेच, तेव्हा घर चालू ठेवायचं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, म्हणजे लाईनबरोबर बॅटरीवरही चालणारा, आणि ते अर्जाच्या आधीच व्हेंडरला, म्हणजे सोलर बसवून देणाऱ्याला सांगा, नंतर बदलायचं म्हणजे इन्व्हर्टरचा खर्च दोनदा. आम्ही वहीत लोड लिहिला: दोन पंखे 150 वॅट, चार बल्ब 36, टीव्ही 60, वायफाय 10, फ्रिजचे सरासरी 100 धरले, म्हणजे 356 वॅट, चार तासांना दीड युनिटच्या आत. लिथियमची 48 व्होल्ट 100 अँपिअर-अवरची बॅटरी जवळपास 5 युनिटची, तेवढी भरपूर झाली. ट्युब्युलर, म्हणजे नेहमीच्या इन्व्हर्टरची पाणी घालायची बॅटरी, स्वस्त पडते पण ती अर्ध्याच्या खाली उतरवू नये, पाणी बघावं लागतं आणि हवेशीर जागा लागते.

अर्ज तसा सोपा आहे. पोर्टलवर मोबाईल नंबरने लॉगिन, राज्य, वीज कंपनीत महावितरण, बिलावरचा 12 आकडी ग्राहक क्रमांक, आणि बिल अपलोड. मग पोर्टलच्या यादीतलाच व्हेंडर निवडायचा, बाहेरच्याकडून लावलं तर सबसिडी गेली. दोन-तीन कोटेशन घ्या, पॅनल, इन्व्हर्टर, बॅटरी, स्ट्रक्चर वेगवेगळं लिहून मागा, आणि पूर्ण पैसे आधी देऊ नका. पाच वर्षांची देखभाल व्हेंडरवरच असते, ते करारात वाचून घ्या. लोन पाहिजे तर आधार, पॅन, बिल, घरपट्टी, पासबुक जवळ ठेवा.

बसवून झालं की पॅनलसोबत मालकाचा लोकेशनवाला फोटो लागतो, आमच्या सासूबाई गुडघे धरत शिडी चढल्या, नवी कोरी साडी नेसून. मग महावितरणची तपासणी, नेट मीटर (घेतलेली नि परत लाईनला दिलेली वीज दोन्ही मोजणारा), आणि शेवटी बँकेची माहिती नि रद्द केलेला चेक. आमचा चेक जुना होता, बँकेचं विलीनीकरण झालेलं, त्यावरचा आयएफएससी कोड चालेना, नवीन चेकबुक मागवून परत अपलोड केला तेव्हा 78 हजार सासूबाईंच्या खात्यात जमा झाले.