ओसी, मेरी सू आणि ‘उपरं पात्र’: एका अटीची पार्श्वभूमी

आमच्या इंदूरच्या मंडळाच्या दिवाळी हस्तलिखितासाठी गाजलेल्या पुस्तकांतल्या पात्रांवर रचलेल्या नव्या कथा मागवताना गेली काही वर्षं एक ओळ ठरलेली असायची: ‘मूळ कथेत नसलेलं पात्र कथेच्या केंद्रस्थानी असू नये.’ अशा पात्राला इंग्रजीत ‘ओसी’ म्हणजे ‘ओरिजिनल कॅरेक्टर’ म्हणतात. यंदा ती ओळ काढली. नव्याने आलेल्या मुलामुलींनी विचारलं, ती मुळात होतीच कशासाठी? जुन्यांपैकी दोघातिघांनी विचारलं, मग काढली कशासाठी? दोघांचंही उत्तर एकाच इतिहासात आहे, म्हणून हे टिपण.

दुसऱ्याच्या कथेत आपलं माणूस आणून बसवणं मराठीला नवं नाही. कीर्तनकार आख्यान रंगवतो तेव्हा एखादी शेजारीण, एखादा द्वारपाल तिथल्या तिथे उभा करतो आणि श्रोते त्याला हटकत नाहीत. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ सालची. तिच्यातली सोनेरी केसांची अलका आणि मुकुलिका या दोघी महाभारतात नाहीत, त्या खांडेकरांच्या. पुढे १९७४ चं ज्ञानपीठ त्यांना याच कादंबरीसाठी मिळालं. माझ्या आजीला तर अलका थेट व्यासांचीच वाटायची. ‘बिचारीला विष दिलं हो’ असं ती शेजारच्या वाड्यातल्या मुलीबद्दल बोलावं तसं बोलायची. ‘मृत्युंजय’ १९६७ ची. तिच्यात कर्णाचा धाकटा भाऊ शोण अख्खा एक भाग स्वतःच्या तोंडाने सांगतो. ही पुस्तकं आपल्या कपाटात असताना नव्या पात्राची इतकी भीती आपल्यात आली कुठून?

ती बाहेरून आली, आणि बरोबर एक नाव घेऊन आली. ‘स्टार ट्रेक’ ही एका अंतराळयानावर घडणारी अमेरिकन मालिका १९६६ ते १९६९ चालली. १९६७ पासून तिच्या चाहत्यांची सायक्लोस्टाइल केलेली, हातोहात फिरणारी अनियतकालिकं निघू लागली. लिहिणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. यानावर बायकांच्या वाट्याला आलेल्या जागा मात्र मोजक्या, त्यामुळे ज्या मुलीला स्वतः त्या यानावर चढायचं होतं तिला नवी अधिकारी कल्पावीच लागे. अशा कथांचा पूर आला. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी ‘मेनॅजरी’ या अनियतकालिकात जेमतेम पानभराची एक विडंबनकथा लिहिली. तिची नायिका लेफ्टनंट मेरी सू, वय साडेपंधरा, ताफ्यातली सर्वांत तरुण अधिकारी. कप्तान तिच्या प्रेमात पडतो, त्याचा तर्कनिष्ठ सहकारी स्पॉक तिच्या तर्कबुद्धीला दाद देतो, केसातल्या पिनेने ती कैदखान्याचं कुलूप उघडते. सगळे आजारी पडल्यावर एकटी यान चालवते, नोबेल मिळवते आणि शेवटी सगळ्यांना रडवत मरते.

विडंबन म्हणून कथा नेमकी आहे. तिचा रोख एका विशिष्ट प्रकारच्या लिखाणावर होता: जिथे नव्या पात्राला काही अडत नाही, काही चुकत नाही आणि बाकी सगळे तिच्याकडे बघण्यापुरते उरतात. पण नाव इतकं सोयीचं निघालं की दहा-पंधरा वर्षांत ते कुठल्याही नव्या स्त्रीपात्राला चिकटू लागलं. चाहत्या लेखिकांवरचा एक मोठा अभ्यास १९९२ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात १९८७ च्या एका मेळाव्यातली चर्चा नोंदवलेली आहे. तिथल्या लेखिका सांगतात की कथेत बाई आणली की लगेच मेरी सूचा शिक्का बसतो, म्हणून आम्ही बायकांवर लिहिणंच सोडलं. मला या सगळ्या इतिहासातली हीच नोंद सर्वांत जड वाटते. एक विनोद होता, आणि त्याने बायकांनाच बायकांबद्दल लिहिण्यापासून मागे सारलं. पुरुषपात्रासाठी ‘गॅरी स्टू’ वगैरे नावं नंतर निघाली, पण ती तितक्या सहज कुणाला लावली गेली नाहीत.

त्यानंतरचा काळ मी स्वतः पाहिलेला आहे. चाहत्यांनी लिहिलेल्या कथांची साइट, फॅनफिक्शन डॉट नेट, १९९८ मध्ये सुरू झाली आणि हॅरी पॉटरच्या लाटेत आमच्यापर्यंत पोचली. आम्ही जेल रोडवरच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून प्रकरणं वाचायचो आणि फ्लॉपीवर उतरवून घरी आणायचो. तेव्हा ‘लिटमस टेस्ट’ नावाच्या प्रश्नावल्या फिरायच्या. तुमच्या पात्राचे डोळे जांभळे आहेत का? नाव चारचौघांपेक्षा वेगळं आहे का? तिला कुठल्या प्राण्याची भाषा येते का? प्रत्येक ‘हो’ला गुण, आणि गुण वाढले की तुमचं पात्र मेरी सू. लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटवर तर असली पात्रं शोधून त्यांची उघड टिंगल करणारे गट होते. त्या वयात आम्हाला ते लेखनाचं शास्त्रच वाटायचं.

हॅरी पॉटरमध्ये पार्वती आणि पद्मा या जुळ्या बहिणी आहेत, आडनाव पाटील. ते आडनाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान मिटून आईला हाक मारली होती. पुस्तकांत त्यांच्या घराबद्दल जवळपास काही नाही. मी त्यांना एक चुलत बहीण दिली: इंदूरहून गेलेली, जादूत बेताची, थंडीत सतत नाक ओढणारी. तीन प्रकरणं इंग्रजीत लिहून चढवली. अनोळखी कुणाचा एकच अभिप्राय आला, आणि त्यात एकच शब्द होता: ‘सू’. तिला प्रश्नावलीत दोन गुणसुद्धा पडले नसते. मी कथा काढून टाकली आणि पुढची सहा वर्षं नवं पात्र लिहिलं नाही. आमच्या मंडळात अशी गोष्ट सांगणारी मी एकटी नाही.

फॅनफिक्शन डॉट नेटवरच पात्रांच्या यादीत ‘ओसी’ असा पर्याय होता, म्हणजे नव्या पात्राला निदान दाराशी उभं राहायला जागा होती. ‘एसवायओसी’, म्हणजे ‘सबमिट युअर ओन कॅरेक्टर’, हाही प्रकार तिथे रुजला: लेखक एक फॉर्म देई, वाचक आपापलं पात्र त्यात भरून पाठवत, नाव, केस, स्वभाव, भीती, सगळं. वाचकांना सहभागी करून घेणाऱ्या कथा साइटच्या नियमांत बसत नव्हत्या, म्हणून हे फॉर्म खासगी संदेशांतून फिरायचे. दुसरीकडे टिंगल चालू असतानाच हे चालत होतं, आणि त्यात लिहिणारी मुलं प्रामुख्याने शाळकरी होती.

वारं फिरलं ते पुढच्या दशकात. चाहत्यांनी स्वतः उभारलेला ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ नोव्हेंबर २००९ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला आणि तिथे टॅगची पद्धत आली. ‘नवं स्त्रीपात्र’, ‘नवं पुरुषपात्र’ असं आधीच लिहिलेलं असलं की ज्याला नको तो पुढे जातो. वाद बराचसा तिथेच निवळला. २०१९ मध्ये या संग्रहाला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. याच काळात मेरी सू या शब्दावरही उलट प्रश्न आले: मूळ कथांमधले एकाहून एक सर्वगुणसंपन्न पुरुष नायक चालतात, मग हिच्याच गुणांची मोजदाद का?

आमच्याकडची अट मात्र वारं फिरल्यानंतरची आहे, आणि म्हणूनच तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिलं पाहिजे.

साताठ वर्षांपूर्वी एका अकरावीतल्या मुलीची कथा आली. फास्टर फेणे उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून इंदूरला मावशीकडे येतो. सराफ्यात रात्री एक चोरी होते, आणि तिचा छडा लागतो तो जुन्या इंदुरातल्या एका मुलीमुळे, कारण कुठलं दुकान किती वाजता बंद होतं आणि त्याच ओट्यावर मग खाण्याचं दुकान कोण मांडतं, हे तिला माहीत असतं. फेणे सायकल दामटतो, पण बोळ ती सांगते. कथा चांगली होती. निवड करणाऱ्यांपैकी एका ज्येष्ठांनी वहीच्या समासात पेन्सिलीने लिहिलं: ‘उपरं पात्र. नायकाचं काम तिने का करावं?’ कथा परत गेली. पुढच्या वर्षीच्या आवाहनात अट आली.

अटीमागचं कारण प्रामाणिकपणे सांगायचं तर अगदीच पोकळ नव्हतं. त्याआधीच्या दोन अंकांत अशा कथा आल्या होत्या की मूळ नायकाचं नाव बदललं असतं तरी काही बिघडलं नसतं. वाचणाऱ्याला ओळखीच्या माणसांना भेटायचं असतं, आणि त्याला भलत्याच कुणाच्या घरी नेऊन बसवलं तर तो वैतागणारच. पण त्याला उपाय संपादनाचा होता. सरसकट अट घालायची गरज नव्हती.

खरा घोळ झाला तो शब्दाने. ‘ओसी’ला मराठी शब्द हवा म्हणून ‘स्वरचित पात्र’, ‘मानसपात्र’, ‘नवं पात्र’ असे सुचवले गेले होते, पण पेन्सिलीचा शेरा तोंडात बसला आणि बैठकीत सगळे ‘उपरं’च म्हणू लागले. शब्दातच निकाल होता. उपरा म्हणजे ज्याचा इथे हक्क नाही तो. मग नेमकं कोण उपरं, यावर दोन संध्याकाळी गेल्या. विदुराची आई महाभारतात नुसती ‘दासी’ आहे. तिला नाव देऊन तिच्यावर कथा लिहिली तर ती मूळची की उपरी? मूळ पुस्तकात एका ओळीत येऊन गेलेला पोस्टमन? नायकाची मोठी झालेली मुलगी, जिचं फक्त नाव शेवटच्या पानावर येतं? कुणी म्हणे नाव असलं की मूळचं, कुणी म्हणे संवाद असला की मूळचं. विदुराच्या आईला दोन्ही नाहीत, आणि तिला उपरी म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

आणि हा शब्द आम्ही इंदुरात बसून वापरत होतो. मंदसोरच्या तहानंतर, १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इथे आली. आमची घरं त्या काळापासूनची, काहींची त्याहून जुनी. तरी पुण्याला लग्नाला गेलं की ‘तुम्ही तिकडचे, नाही का? पण मराठी छान बोलता हो’ हे ऐकावं लागतं, आणि इथे शेजारी कौतुकाने का होईना, ‘महाराष्ट्रीयन’ म्हणून वेगळं काढतात. त्या अकरावीतल्या मुलीने पुण्याच्या नायकाला आपल्या गावात आणलं होतं आणि आपल्या गावच्या मुलीला वाट दाखवू दिली होती. तिलाच आम्ही उपरी म्हटलं. तिने पुन्हा कथा दिली नाही. अट काढण्याचा ठराव मांडणाऱ्यांत मी होते, आणि माझ्यापुरतं कारण हेच होतं.

यंदाच्या आवाहनात फक्त इतकंच आहे की नवं पात्र असल्यास वर ‘नवं पात्र’ असं लिहावं. विरोधात असलेल्यांनीही ते मान्य केलं. सराफ्याची कथा मूळ लेखिकेकडे मागितली आहे. वही घरात कुठेतरी असेल, शोधते, एवढं तिने कळवलं आहे.

नवा प्रश्न आला आहे तो ‘रीडर इन्सर्ट’चा, म्हणजे जिथे वाचणाराच पात्र असतो. इंग्रजीत नावाच्या जागी ‘वाय/एन’ (‘युअर नेम’) लिहून काम भागतं. मराठीत ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ इथेच गाडी अडते, आणि ‘जातोस-जातेस’ने वर्तमानकाळही सुटत नाही. या वर्षी आलेल्या एका कथेत लिहिणाऱ्याने चार पानं अशी ओढली आहेत की ‘तू’ कुठेच येत नाही, जात नाही, हसत नाही. ‘म्हणालीस’ टाळून ‘विचारलंस’, ‘निघालास’ टाळून ‘उंबरा ओलांडलास’. या ‘तू’ला नवं पात्र म्हणून वर लिहायचं की नाही, ते रविवारच्या बैठकीत ठरेल. कथेची पहिली ओळ अशी आहे: ‘तू दिवा लावलास, खिडकी उघडलीस, आणि खाली उभ्या असलेल्या त्याला तू ओळखलंस.’