कोयनेचा विसर्ग, सांगलीची पातळी आणि ‘नगण्य’ पदांचा इतिहास

कोयनेतून विसर्ग वाढला की सांगलीत एकच विचारणा सुरू होते: पाणी आयर्विन पुलापाशी कधी पोचणार? तिथे ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली होती.

नदीच्या प्रवाहाची समीकरणं फ्रेंच अभियंता सँ-व्हेनाँ यांनी १८७१मध्ये मांडली. ती कागदावर सहसा नेमकी सुटत नाहीत. मग त्यांतलं कोणतं पद इतरांपुढे नगण्य आहे आणि ते सोडलं तर चूक किती होईल, हे बघावं लागतं. हे काम ॲसिम्टॉटिक, म्हणजे अनंतस्पर्शी, पद्धतींचं.

त्यांची सुरुवात नद्यांपासून फार लांब झाली. १७३०च्या सुमारास स्टर्लिंग आणि द म्वाव्र या गणितज्ञांनी मोठ्या संख्यांच्या क्रमगुणिताचं, म्हणजे १पासून त्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराचं, अंदाजी सूत्र शोधलं. १०चं क्रमगुणित ३६,२८,८००. सूत्राचं पहिलंच पद सुमारे ३५,९८,७०० देतं, म्हणजे चूक एक टक्क्याहूनही कमी. गंमत पुढे आहे. सुधारणेची पदं जोडत गेलं की उत्तर आधी सुधारतं, मग बिघडतं, कारण ती श्रेणी अपसारी आहे, म्हणजे तिची बेरीज कुठल्याही एका संख्येवर स्थिरावत नाही. १८२६मध्ये गणितज्ञ आबेलने तर अशा श्रेणींना सैतानाची करणी ठरवलं.

पण सैतान कामाचा होता! इंद्रधनुष्याच्या आतल्या बाजूच्या बारीक पट्ट्यांसाठी शास्त्रज्ञ एअरीने १८३८मध्ये एक संकलक (इंटिग्रल) दिला. तो आकड्यांत काढायला इतका किचकट की दोनच काळे पट्टे हाती लागले. प्रयोगात मिलरने तीस मोजले होते. १८५०मध्ये स्टोक्सने अपसारी श्रेणी वापरून पन्नास पट्ट्यांच्या जागा काढल्या. हे चालतं का, याचं काटेकोर उत्तर १८८६मध्ये प्वाँकारेने दिलं. ठरावीक पदांवर थांबा आणि चल (बदलती राशी) अनंताकडे न्या. राहिलेली चूक शेवटच्या पदापेक्षाही लहान होत गेली की झालं. १९०४मध्ये प्रांटलने पृष्ठभागालगतच्या पातळ थराचा विचार मांडला (द्रवाचं घर्षण तिथे नगण्य नसतं, बाकी ठिकाणी असतं) आणि ही दृष्टी द्रवगतिशास्त्रात रुजली.

लाइटहिल आणि विदम यांचा १९५५चा शोधनिबंध थेट लांब नद्यांतल्या पुरावरच होता. (त्याचा दुसरा भाग गर्दीच्या रस्त्यांवरच्या वाहतुकीवर!) लांब नदीत उताराची ओढ आणि तळाचं घर्षण एकमेकांना तोलतात, जडत्वाची आणि पाण्याच्या खोलीतल्या फरकाची पदं लहान पडतात, म्हणून ती सोडून देतात. उरलेल्या सोप्या समीकरणातून कळतं की रुंद पात्रात पुराची लाट खुद्द पाण्याच्या सुमारे दीडपट वेगाने पुढे सरकते. सेडनने १९००मध्येच अमेरिकेतल्या नद्यांवरून लाटेच्या वेगाचा हा नियम मांडला होता. म्हणून कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर वाढलेली पातळी सांगलीत आधी जाणवते. कोयनेचं ते पाणी मागून येतं.

मात्र ही लाट फक्त खालच्या दिशेला जाते. सांगलीच्या खाली हरिपूरजवळ वारणा कृष्णेला मिळते. वारणाही दुथडी भरली की फुगवटा वर चढतो, आणि तो या समीकरणात येतच नाही. तिथे पाण्याच्या खोलीतल्या फरकाचं सोडून दिलेलं पद परत घ्यावं लागतं.