व्हीलस तळ: गद्दाफीने अमेरिकेला हाकलले?

लिबियाची राजधानी त्रिपोलीजवळचा व्हीलस हवाई तळ अमेरिकेने बांधला आणि गद्दाफीने एका दमात तिला तिथून हाकलले, असे अजून सांगितले जाते. दोन्ही गोष्टी चूक. धावपट्टी मूळची इटालियनांची, १९२३ची. तेव्हा नाव मेल्लाहा. तिच्याभोवती मोटारींच्या शर्यतीही होत! १९४३मध्ये ब्रिटिश सैन्याने त्रिपोली जिंकल्यावर अमेरिकी विमाने तिथे आली. आणि हकालपट्टी? अमेरिकेला तळ वापरू देणारा १९५४चा करार पुढे वाढवायचा नाही, हे राजा इद्रिसच्या सरकारने १९६४मध्येच जाहीर केले होते. गद्दाफीचा उठाव सप्टेंबर १९६९चा. त्याने घाई जरूर केली, पण वाटाघाटी करूनच. अमेरिकी ११ जून १९७०ला गेले. श्रेय मात्र गद्दाफीने दरवर्षी वाजतगाजत घेतले.