पेटी, टाळ आणि मंडळी: अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती उपासनागीतांची पार्श्वभूमी

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातील ख्रिस्ती मंडळी पुष्कळदा तीस-चाळीस कुटुंबांचीच असते. पाळक दुसऱ्या गावी उपासनेला गेलेले असले तर त्या रविवारचा उपदेश राहून जातो, पण गाणे राहत नाही. कोणीतरी पेटी पुढे ओढतो, कोणी टाळ उचलतो, आणि पुस्तक न उघडताही वृद्ध स्त्रिया पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत बरोबर गातात. संगीताला या लहान मंडळ्यांत एवढे मोठे स्थान का मिळाले, हे समजण्यासाठी सुमारे दोनशे वर्षे मागे जावे लागते.

अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट धर्मप्रचारक संस्थेने मुंबईनंतर 1831 मध्ये अहमदनगर येथे काम सुरू केले. पुढील काळात मंडळीत आलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतील होते, आणि त्यांना अक्षरओळखीपासून दूर ठेवण्यात आले होते. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत शास्त्रवचन पोहोचण्याची वाट कानांतूनच जात होती, म्हणून पाठ झालेले गीत हाच त्यांचा धर्मग्रंथ ठरला. हे लोक गाण्याला नवखे मात्र मुळीच नव्हते, कारण ढोल, हलगी, सनई आणि रात्रभर चालणारे भजन यांच्याच सहवासात ते वाढले होते.

सुरुवातीच्या अनेक गीतांचे शब्द मराठी आणि चाली पाश्चात्त्य होत्या. अडचण तिथेच होती. पाश्चात्त्य चालीत ओळ ठराविक ठोक्यांना बांधलेली असते. मराठीतील शब्द प्रत्यय लागून लांबतात, आणि त्या ठोक्यांत बसवताना ते मध्येच तुटतात. ‘तारणाऱ्यासाठी’ हा शब्द घ्या. परक्या चालीत त्याचे दोन तुकडे होण्याचा धोका असतो, उलट मोठ्या अभंगाच्या सहा अक्षरी चरणात तो एकटाच अख्खा बसतो. मराठी छंदांत आणि देशी चालींत पदे रचणाऱ्या कृष्णाजी रत्नोजी सांगळे यांच्यासारख्या कवींचे मोल यावरून कळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच परिसरात ख्रिस्ती कीर्तनही रुजले. कथा बायबलमधील, मांडणी मात्र गावाने मंदिरात आणि पारावर ऐकलेली, त्यामुळे मंडळीबाहेरचे लोकही ऐकायला बसू शकत.

ओवीत ख्रिस्तकथा सांगण्याची रीत मराठीत याहून बरीच जुनी आहे. गोव्यात फादर स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्येच छापले गेले होते. तो कॅथलिक प्रवाह होता आणि नगरच्या मंडळ्या त्यातून निघालेल्या नव्हत्या, तरी ख्रिस्तकथा लोकांच्या ओळखीच्या छंदात सांगण्याची गरज दोन्हीकडे एकच होती, हे मला महत्त्वाचे वाटते.

या सगळ्याला खरी उंची दिली ती कवी नारायण वामन टिळकांनी. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांच्या आयुष्याची मोठी वर्षे अहमदनगर आणि राहुरी येथे गेली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत, आणि त्यांच्या अभंगांत व भजनांत हे अक्षरशः दिसते: त्यांतील आर्तता वारकरी आहे, संबोधन तेवढे ख्रिस्ताला आहे. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला मराठी पेहराव चढवला असे म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. पेहराव बाहेरून चढवला जातो, इथे तर भक्तीच मराठीत जन्मली होती. 1917 मध्ये साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला आणि 1919 मध्ये त्यांचे निधन झाले, पण त्यांची गीते ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून घरोघर पोहोचली.

वाद्यांची कथा त्यामानाने थोडक्यात सांगता येते. पायाने भाता चालवायचा ऑर्गन महाग आणि अवजड असल्याने तो बहुधा शहरी चर्चमध्येच राहिला, तर हाताने वाजवायची पेटी बैलगाडीतून खेड्यात गेली. तिच्या जोडीला तबला किंवा ढोलकी, टाळ आणि झांज आली. वाजवणारे बहुतेक ऐकून शिकलेले, आणि पुढच्या पिढीलाही शेजारी बसवूनच शिकवणारे.

मंडळीतील कोणाचे निधन झाले की आजही रात्री त्या घरी भजनाला माणसे जमतात. तेव्हा बोलणारे थोडे असतात. पेटीवर स्वर धरला जातो, आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचे गीत घरातलीच कोणी बाई आधी सुरू करते.