गाळाने राखलेले गाव

बेल्जियममधल्या ब्रूजला दोन-तीन दिवस निवांत राहून आलेली जोडपी परतल्यावर बहुधा एकच वाक्य सांगतात: तिथे काळ थांबलाय. कालव्यातून अर्ध्या तासाची होडीची फेरी, रोझेनहुडकाईच्या काठावरचा फोटो, संध्याकाळी मिन्नेवाटरच्या तळ्याभोवती रेंगाळणे. घाई कशालाच नाही. ही निवांतता आली कुठून, याची गोष्ट मात्र फारशी निवांत नाही. ब्रूजचे बंदर बुजले, त्यापासून ती सुरू होते.

ब्रूज समुद्रकाठी नाही. समुद्राची भरती जमिनीत शिरून झ्विन नावाची खाडी तयार झाली आणि गावाला समुद्राची वाट मिळाली. परंपरेने याचे श्रेय ११३४ च्या वादळाला दिले जाते. मोठी गलबते सहा-सात किलोमीटरवरच्या दाम गावाशी थांबत आणि माल लहान होड्यांतून ब्रूजमध्ये येई. आज जे कालवे आपण मान वळवून वळवून पाहतो, ते त्या काळी मालवाहतुकीचे रस्ते होते. मुख्य चौकाच्या एका बाजूला तर राय नदीवरच वॉटरहाल नावाची प्रचंड वखार बांधलेली होती. होडी थेट छपराखाली शिरायची आणि पावसाचा थेंबही न लागता माल उतरायचा.

इंग्लंडची लोकर यायची, ब्रूजभोवतालच्या फ्लँडर्स प्रांताचे कापड जायचे. १२७७ मध्ये जिनोव्हाची गलबते थेट समुद्रमार्गे आली, मग व्हेनिस आणि फ्लॉरेन्सचे व्यापारी आले, उत्तरेकडून हान्सा या व्यापारी शहरांच्या संघाचे जर्मन आले. हे सगळे ज्या चौकात भेटत, तिथे व्हान डेर बुर्झे नावाच्या कुटुंबाची खाणावळ होती. हुंड्यांचे आणि मालाचे सौदे तिच्या दारात होऊ लागले आणि त्या आडनावावरून ‘बोर्स’ हा शब्द रूढ झाला, असे सांगतात. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘भारत डायमंड बोर्स’च्या पाटीवर तोच शब्द आहे. एका खाणावळवाल्याचे नाव कुठवर पोहोचावे!

पैसा आला तसे चित्रकारही आले. यान व्हान आइक इथेच राहिला आणि १४४१ मध्ये इथेच वारला. मायकेलअँजेलोने घडवलेली संगमरवरी मेरी आणि बालयेशू इथल्या एका व्यापारी कुटुंबाने विकत घेतली. ती आजही चर्च ऑफ अवर लेडीमध्ये आहे.

त्याच चर्चमध्ये मेरी ऑफ बर्गंडीची कबर आहे. ब्रूजवरही सत्ता असलेली ही तरुण राज्यकर्ती १४८२ मध्ये घोड्यावरून पडून गेली. मागे राहिलेला नवरा, म्हणजे हॅब्सबर्ग घराण्यातला मॅक्सिमिलियन, लहान मुलाच्या नावाने कारभार पाहू लागला आणि ब्रूजकरांशी त्याचे बिनसले. १४८८ मध्ये त्यांनी त्याला चौकातल्या क्रानेनबुर्ग नावाच्या घरात कोंडून ठेवले आणि त्याच्या लान्कहाल्स या अधिकाऱ्याचा शिरच्छेद केला. या आडनावाचा अर्थ ‘लांब मान’. म्हणून मॅक्सिमिलियनने शहराला कायम हंस पाळण्याची शिक्षा दिली, अशी दंतकथा आहे. ती होडीवाले रंगवून सांगतात. सुटल्यावर त्याने खरा सूड उगवला तो वेगळा: परदेशी व्यापाऱ्यांना त्याने अँटवर्पला जायला सांगितले. झ्विन तोवर गाळाने भरत चाललीच होती. मॅक्सिमिलियनने हुकूम काढला नसता तरी मोठी जहाजे फार काळ आली नसती.

पुढची तीन-साडेतीन शतके थोडक्यात सांगता येतात. धंदा अँटवर्पला गेला आणि ब्रूज गरीब झाले. १९ व्या शतकात इथल्या बायका पोटासाठी तासन्‌तास लेस विणत बसत. आज दुकानांत दिसणाऱ्या नाजूक लेसमागे ते दिवस आहेत. पण दारिद्र्याने एक काम केले. जुने पाडून नवे बांधायला पैसाच नव्हता, मोठे कारखाने आले नाहीत, त्यामुळे रस्त्यांचा आणि कालव्यांचा मध्ययुगीन आराखडा तसाच राहिला.

मग १८९२ मध्ये जॉर्ज रोडेनबाख या लेखकाची ‘ब्रूज-ला-मॉर्त’, म्हणजे ‘मृत ब्रूज’, ही फ्रेंच कादंबरी आली. बायकोच्या दुःखात बुडालेला एक विधुर या सुन्या काठांवरून फिरतो, आणि सोबत ओसाड कालव्यांची छायाचित्रे. ती वाचून लोक गाव पाहायला येऊ लागले. आज जोडप्यांचे आवडते असलेले ठिकाण एका विधुराच्या गोष्टीने प्रसिद्ध झाले, हे मला कायम गमतीचे वाटते. ‘मृत’ हे विशेषण कुठल्या गावाला आवडेल? ब्रूजला पुन्हा बंदर हवे होते, आणि १९०७ मध्ये समुद्रकाठी झेब्रुगचे नवे बंदर सुरूही झाले. पण तोपर्यंत जुन्या गावाला दुसरा धंदा सापडला होता: जुने दिसण्याचा.

इथे डोळे थोडे उघडे ठेवावे लागतात. २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या या गावात खरे जुने पुष्कळ आहे. ८३ मीटर उंचीचा घंटामनोरा आहे, १२४५ पासूनचे बेगिनहोफ आहे, जिथे आजन्म व्रत न घेता धार्मिक आयुष्य जगणाऱ्या स्त्रिया एकत्र राहत. पण वॉटरहाल १७८७ मध्येच पाडली गेली. तिच्या जागी दिसणारा गॉथिक थाटाचा प्रांतिक वाडा १९ व्या शतकाच्या अखेरीस उभारायला घेतलेला आहे. त्या काळात अनेक दर्शनी भिंतीही अशाच ‘पुन्हा मध्ययुगीन’ केल्या गेल्या. मिन्नेवाटरला आता ‘प्रेमाचे तळे’ म्हणतात, तिथे पूर्वी गेंटकडे जाणाऱ्या मालहोड्या लागत.

आणि चर्च ऑफ अवर लेडीच्या मागचा तो चिमुकला, शेवाळलेला बोनिफेशियस पूल, ज्यावर फोटोसाठी जोडप्यांची रांग लागते, तो १९१० चा आहे. मुंबईचे सीएसएमटी स्थानक त्याच्याहून वीसहून अधिक वर्षांनी जुने.