प्लॅस्टर निघालं, तरी खुरपं जरा थांबू द्या

पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ धरतं, पाय सटकतो आणि माणूस आपसूक हात टेकतो. अंगाचा सगळा भार तळव्यावर येतो आणि अंगठ्याच्या बाजूचं रेडियस हे हाड मनगटाजवळ मोडतं. आयर्लंडमधले शल्यविशारद अब्राहम कॉलेस यांनी या फ्रॅक्चरचं वर्णन १८१४ मध्ये केलं. एक्स-रेचा शोध लागायला तेव्हा अजून ८१ वर्षं होती!

साधारण सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघतं. घरचे म्हणतात, "सुटलात एकदाचे", आणि आपली नजर जाते दीड महिना सुकत पडलेल्या कुंड्यांकडे. घोळ होतो तो इथेच.

हाड मोडलं की आधी तिथे रक्त साकळतं. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो आणि हळूहळू त्यात कॅल्शियम भरत जातं. सहाव्या आठवड्यातलं हाड जुळलेलं असतं, पण कच्चं. त्यातले तंतू कसेही विणलेले असतात. ते नीट रांगेत लागायला कित्येक महिने जातात. शिवाय इतके दिवस बसून राहिलेले स्नायू रोडावलेले असतात, ते वेगळंच.

म्हणून हात नुसता गळ्यात अडकवून बसावं का? तेही नाही. हाडावर जसा भार पडतो तसं ते घडत जातं, हे जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. भार हवाच, पण बेताबेताने. बागेत तो मोजून देता येतो.

सुरुवात बोटांपासून. मेथीचे दाणे पेरणं, पिवळी पानं खुडणं, रोपांना दोरी बांधणं. मात्र प्लॅस्टर असेपर्यंत मातीपासून लांबच राहा. प्लॅस्टरच्या आत गेलेले मातीचे कण कातडी सोलतात. हाडात घातलेल्या तारांची टोकं बाहेर असतील, तर त्या हाताने मातीला अजिबात शिवू नका. धनुर्वाताच्या जंतूंची बीजं मातीत आणि शेणखतात असतात, तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही एकदा पाहा.

आता एक गंमत, चांगल्या हाताने करायची. मनगट तळव्याच्या बाजूला पूर्ण दुमडा आणि मूठ घट्ट आवळून पाहा. जमत नाही ना? बोटं वळवणारे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात. मनगट असं वाकलं की ते आधीच आखडलेले असतात. ओढायला त्यांच्याकडे पुरेसा वाव उरत नाही. मनगट किंचित मागे झुकलेलं असताना पकड सगळ्यात पक्की असते. त्यामुळे खुरपं धरताना मनगट दुमडत असेल, तर खुरपं बदलण्याऐवजी कुंडी टेबलावर ठेवा. खुरप्याच्या मुठीला जुनं कापड गुंडाळून ती जाड केली, की कमी जोरात पकड मिळते.

झारीचं गणित सोपं आहे: एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच लिटरची झारी हात लांब करून धरली, की मनगटावर पाच किलोंहून बराच जास्त ताण येतो. अर्ध्या लिटरचा मग बरा, पाइप त्याहून बरा. ओल्या मातीने भरलेली बारा इंची कुंडी तर वीस किलोंच्या पुढे जाते. ती दुसऱ्या कुणाकडून तरी हलवून घ्या. जास्वंदीची जाड फांदी कात्रीने छाटणं हे काम माझ्या मते अगदी शेवटचं. त्यात पकडही लागते आणि पीळही पडतो.

किती झेपलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. मनगट सुजलेलं किंवा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल, तर काल अती झालं. आणखी एक खूण फारशी कुणी सांगत नाही: फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनी, कधीकधी फारसं न दुखताही, अंगठा मागे उचलता येईनासा होतो. स्नायूला हाडाशी जोडणारी अंगठ्याची दोरी, म्हणजे कंडरा, हाडाशी घासून तुटलेली असू शकते. मग आधी डॉक्टरांकडे जा, बाग नंतर.

पन्नाशीनंतर नुसतं उभ्याउभ्या पडून मनगट मोडलं असेल, तर त्याच खेपेला हाडांची घनता तपासायची का, हेही विचारून घ्या. आणि गच्चीवरचं ते शेवाळ कुणाकडून तरी घासून घ्या.