सीमाभागातील ऑनलाइन व्यवहार (बेळगाव परिसर)

कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातील मराठी भाषकांच्या रोजच्या जगण्यात मोबाइल, व्हॉट्सॲप आणि सरकारी पोर्टल यांनी घेतलेली जागा. हा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. इंटरनेटला सीमा नसते असे म्हणतात. इथे मात्र ती अर्जात, टॉवरवर आणि कीबोर्डवर पुन्हा भेटते.

शेतकऱ्याच्या घरात संगणक पहिल्यांदा आला तो उताऱ्याच्या वाटेने. ‘भूमी’ प्रकल्पातून २००० च्या सुमारास कर्नाटकातील जमिनीच्या नोंदी संगणकावर गेल्या आणि हस्तलिखित उताऱ्याची जागा छापील पहणीने, म्हणजे तिथल्या सातबाऱ्याने, घेतली. उताऱ्यासाठीचे खेटे कमी झाले, हे नाकारता येत नाही. पण पहणी कन्नडमध्ये असते. घरच्या पेटीतले जुने कागद मराठीत, काही तर मोडीत. नवा कागद मात्र शेजाऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करता येते, तरी माणसाच्या किंवा शिवाराच्या नावाचाही अर्थ लावायला जाणारे यंत्र भलतेच काही दाखवते. म्हणून झेरॉक्सच्या दुकानातला कन्नड शाळेत शिकलेला पोरगा हाच खरा दुभाषा. फॉर्म भरणे, ओटीपी विचारणे, ‘इथे अंगठा, इथे सही’ सांगणे, सगळे त्याच्याकडे. २०२३ मध्ये दरमहा २००० रुपयांच्या गृहलक्ष्मी योजनेची नोंदणी सुरू झाली तेव्हा ‘ग्राम वन’ (One) या सरकारी सेवा केंद्रांपुढे बायकांच्या रांगा लागल्या आणि ‘सर्व्हर डाऊन’ हा शब्द आजीच्याही तोंडी आला. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे केंद्राचे धोरण आहे. मराठी कागदपत्रांच्या मागणीत त्याचा दाखला दिला जातो.

उलट दिशेचा अर्जही असतो. महाराष्ट्राने महात्मा फुले जन आरोग्य योजना आपण दावा सांगत असलेल्या ८६५ गावांना लागू करायचे ठरवले, तेव्हा कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली. एका घरात दोन राज्यांचे अर्ज आणि अर्ज भरणारा तोच झेरॉक्सवाला.

कर्नाटकातले कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रातल्या कागलकडे निघाले की फोन कर्नाटक सर्कलमधून महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये जातो. रोमिंगचे वेगळे पैसे पडत, तोवर कोल्हापूरला दिलेल्या लेकीला मिस्ड कॉल द्यायचा आणि तिने उलट फोन करायचा, अशी रीत होती. २०१६ नंतर स्वस्त डेटा आला आणि तो हिशेब संपला. २०२० च्या टाळेबंदीत मात्र तीच सीमा कर्नाटक सरकारच्या ‘सेवा सिंधू’ पोर्टलवरच्या पासच्या रूपाने उभी राहिली. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या रानात, अजूनही प्रश्न भाषेचा नाही, रेंजचा आहे.

लिपीची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची. घरात मराठी बोलणारी, पण कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली मुले मराठी संदेश बहुधा रोमन अक्षरांत लिहितात. आजोबा ते वाचत नाहीत. ते बोलून पाठवतात. त्यामुळे व्हॉइस मेसेज ही इथे चैन नाही, दोन पिढ्यांमधला पूल आहे. गंमत म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर देवनागरीचा क आणि कन्नडचा क एकाच कळीवर बसतात. इतकी जवळीक फलक कोणत्या भाषेत असावेत या वादात कधी दिसली नाही. शहराच्या नावाचे तसेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव ‘बेळगावी’, नकाशात आणि अर्जात तेच, स्टेटसला ‘बेळगाव’.

गल्लीतले मंडळ, भिशी, कडोली-उचगावची साहित्य संमेलने, शहापूर-वडगावच्या मागावरच्या साड्यांचे फोटो, सगळे ग्रुपवर चालते. त्याच ग्रुपवर आगही पसरते. २०१४ मध्ये येळ्ळूर येथील ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक न्यायालयाच्या आदेशानंतर हटवला गेला आणि गावात लाठीमार झाला. ती दृश्ये हातोहात फिरली. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकल्याचा व्हिडिओ पसरला आणि बेळगावात तणाव वाढला. त्यात कित्तूरचे स्वातंत्र्ययोद्धे संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची विटंबना झाली. पुढच्याच वर्षी सीमावादातून बसगाड्यांवर दगडफेक झाली. १४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली. नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी वाद चिघळवल्याचे त्यांनी बैठकीनंतर सांगितले. दोन्ही राज्यांचे तीन-तीन मंत्री मिळून सहा जणांची समितीही तेव्हाच ठरली.

अशा दिवसांत गावच्या ग्रुपचा अॅडमिन ‘फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतील’ हे बटण दाबतो. वातावरण निवळले की पहिला संदेश बहुधा कुणाच्या तरी वास्तुशांतीचा असतो.